वरच्या मजल्यावरचा ठेका

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे, कारण सध्या मला वाकता येत नाही. कमरेत उसण भरली आहे. ती कशी भरली ते पुढे येईलच, पण बास गिटारचा अँप ही एकट्याने उचलायची वस्तू नव्हे, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. तुमच्यावर तशी वेळ कधी येऊ नये.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतोय? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो की आम्ही सुखरूप आहोत. आता खरं काय ते लिहितो.

तुमचं पत्र पोचलं. आईंना आमच्याकडे दुपारची झोप मिळत नाही, खालून दिवसभर धिंगाणा चालतो, आणि तुम्ही रविवारी गाडी घेऊन त्यांना न्यायला येताय, असं तुम्ही लिहिलंय. अख्ख्या पत्रात एकही उद्गारचिन्ह नाही, त्यावरून तुम्ही किती चिडला आहात ते समजलं. तुमच्या बहिणीने फोनवर जे जे सांगितलं ते अक्षरशः खरं आहे. उलट नवऱ्याची थोडी अब्रू राखायची म्हणून तिने बरंच गाळलं असणार. तेव्हा मी स्वतःचा बचाव करत नाही. फक्त तिने फोन ठेवल्यानंतर इथे काय काय घडलं ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते मी सोडून दुसरं कोणी सांगणार नाही, कारण या घरात आता दुःखी असा मी एकटाच उरलो आहे.

दुकान तुम्ही पाहिलेलं आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मध्ये लाकडी तक्तपोशी. अँप, स्पीकर आणि माईक दुरुस्त करणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकांना घटकाभर टेकता यावं म्हणून मी दारापाशी एक बाक ठेवला होता, आणि त्या बाकानेच माझं वाटोळं केलं. कारण त्यावर गिऱ्हाइकं बसतच नाहीत, संगीतकार बसतात. त्यातले तीन कायमचे. एक मास्तर. हे शाळेत भूगोल शिकवतात आणि फावल्या वेळात बास वाजवतात (त्यांना विचाराल तर उलटं सांगतील). दुसरे डॉक्टर, म्हणजे दातांचे. यांच्याकडे गिटारी पुष्कळ आहेत, आणि त्या वाजवण्यापेक्षा त्यांच्याविषयी बोलायला त्यांना जास्त आवडतं. तिसरा वादळ. हा दिवसा औषधाच्या दुकानात गोळ्या मोजतो आणि संध्याकाळी ड्रम वाजवतो. वादळ हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवलंय, यावरून माणूस कसा असेल ते ताडा. तिघांचा मिळून बँड आहे. बँडला नाव मात्र नाही, कारण नावावर एकमत व्हायचंय.

हे लोक काय बोलतात ते सांगतो, म्हणजे माझी अवस्था लक्षात येईल. सकाळी दुकान उघडलं की विषय निघतो, जगातला सर्वांत चांगला लाइव्ह अल्बम (म्हणजे लोकांसमोर वाजवताना मुद्रित केलेला) कोणता. डॉक्टरांचं म्हणणं असं की लाइव्ह अल्बममध्ये चुका हव्यातच. त्यांची एक लाडकी तबकडी आहे, तिच्यात ऐन रंगात गिटारची तार तुटते आणि वाजवणारा उरलेल्या तारांवर वेळ मारून नेतो. ती जागा आली की डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी येतं. (ज्यांचा दात त्यांनी भूल न देता उपटला त्यांनी हे पाणी पाहायला हवं होतं.) मास्तर म्हणतात, हे सगळं थोतांड आहे. लाइव्ह म्हणून जे विकतात त्यातलं अर्धंअधिक नंतर स्टुडिओत बसून सुधारलेलं असतं, खऱ्या असतात त्या फक्त टाळ्या, आणि त्याही कधीकधी दुसऱ्याच कार्यक्रमाच्या. मग डॉक्टर उठून उभे राहतात. मग वादळ बाकावर दोन्ही हातांनी ठेका धरतो, आणि त्याच्या मते ज्यात ड्रमचा सोलो सर्वांत लांब तो अल्बम सर्वांत चांगला. मला विचारलंत तर मला अशा तबकड्यांमधलं गाणं ऐकूच येत नाही. गाणी संपून टाळ्या थांबल्या की मागे अँपची जी बारीक घरघर राहते तीच मला ऐकू येते, आणि कुठला कपॅसिटर गेलाय हे ओळखण्यात माझा पुढच्या गाण्याचा निम्मा भाग निघून जातो. धंद्याने माणसाचे कान असे नासतात.

लाइव्ह अल्बम संपले की सामानाचा विषय. व्हॉल्व्हचा अँप बरा की ट्रान्झिस्टरचा, यावर मास्तर आणि डॉक्टर एकदा आठवडाभर बोलले नाहीत. डॉक्टरांची अशीही श्रद्धा आहे की केबलचं एक टोक गिटारकडे आणि दुसरं अँपकडे ठरलेलंच असतं, उलट लावली की आवाज 'थकतो'. याच सुमारास एक बाई दुरुस्तीला मिक्सर घेऊन आल्या. स्वयंपाकघरातला. मी तसले घेत नाही, पण त्या दिवशी हाताला दुसरं काम नव्हतं. मिक्सर म्हटल्यावर डॉक्टरांना आवाज एकत्र करायचा मिक्सरच आठवतो, म्हणून त्यांनी बाकावरून अदबीने विचारलं, "किती चॅनेलचा?" बाई म्हणाल्या, "तीन भांड्यांचा." यावर वादळ इतका हसला की बाई मिक्सर उचलून चालत्या झाल्या. माझी गिऱ्हाइकं अशी जातात, दादा.

आता आईंचं. तुमच्याकडून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांची काय स्थिती होती ते तुम्हाला मी सांगायला नको. बाबा गेले, दोघांनी मिळून उभी हयात चालवलेला टायपिंगचा क्लास बंद झाला, मशिनं गेली, आणि आईंचं बोलणंही त्यांच्याबरोबरच गेलं. आमच्याकडेही त्या खिडकीशी बसून असायच्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, दुसरं काही नाही. विचारलं तर 'हो', पुन्हा विचारलं तर 'नको', एवढंच. तुमची बहीण वरून खाली येताना जिन्यात डोळे पुसायची आणि मी पाहिलं नाही असं दाखवायचो. आणि मग एके दिवशी दुपारी, वादळ बाकाऐवजी खऱ्या ड्रमवर बसला असताना, वरून काठी आपटली. ठक. थेट माझ्या डोक्यावर. तक्तपोशीतली धूळ एका उघड्या अँपमध्ये पडली. आम्ही गप्प बसलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ठक. मी वर जाऊन माफी मागितली. आई भिंतीकडेच पाहत राहिल्या. तेव्हापासून रोज असंच चालायचं. तुमच्या बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. जेवताना 'मीठ' एवढा एकच शब्द, तोही माझ्याकडे न बघता. तुम्हाला फोन गेला तो याच दिवसांत.

मी तिघांना निर्वाणीचं सांगितलं की आता बाक उचलणार. तर डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण जाण्यापूर्वी एक शेवटची गोष्ट करू. आपणच एक लाइव्ह अल्बम करू. इथेच, दुकानात. एका बैठकीत, चुकांसकट, नंतर काही सुधारायचं नाही. म्हणजे मास्तरांचं तोंड कायमचं बंद होईल. मास्तर म्हणाले, तोंड कोणाचं बंद होतं ते बघूच. मी हो म्हणालो. का म्हणालो हे मलाही सांगता येणार नाही. कदाचित त्यांच्या मते मी नुसता सोल्डरिंगवाला, आणि अल्बमवर 'ध्वनिमुद्रण' या शब्दापुढे माझं नाव येईल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून असेल. माणूस कशाला भुलेल सांगता येत नाही.

शनिवारी दुपारी ध्वनिमुद्रण ठरलं. तुमच्या बहिणीला मी सांगितलं की आज शेवटचं. ती म्हणाली, "मीठ." (मीठ माझ्या पुढ्यातच होतं.) मास्तरांचा बास अँप मी एकट्याने मागच्या खोलीतून पुढे आणला, आणि तिथे कमरेतून जो आवाज आला तो मुद्रित झाला असता तर डॉक्टरांना नक्की आवडला असता. माईक कुठे लावावा यावर तास गेला. शेवटी खाली जागाच नाही म्हणून मी एक माईक वर तक्तपोशीच्या तुळईला बांधला. सगळं तयार झालं आणि वादळाचा पत्ता नाही. फोन केला तर कळलं की तो एका हॉटेलात, पांढरे कोट घालून वाजवणाऱ्या मंडळींबरोबर बसला आहे, कारण तिथे ड्रमसमोर दिवे लावतात. आम्ही तिघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. मला तर उभंही राहता येत नव्हतं. मास्तर म्हणाले, ड्रमशिवाय करू. डॉक्टर म्हणाले, हीच ती चूक, हेच ते जिवंतपण, लावा रेकॉर्डिंग.

लावलं. दादा, मी आयुष्यात पुष्कळ वाईट संगीत ऐकलं आहे, दुरुस्त झालेला अँप लोक माझ्यासमोरच वाजवून बघतात म्हणून. पण हे निराळंच होतं. डॉक्टर पेशंट बाहेर खोळंबल्यासारखे पळत होते आणि मास्तर वर्गात नकाशा समजावून सांगितल्यासारखे सावकाश चालले होते. पहिल्या कडव्यातच दोघांमध्ये एका गल्लीचं अंतर पडलं. मी डोळे मिटून घेतले. आणि वरून आली, ठक.

माझं धाबं दणाणलं. मी बटणाकडे हात नेला. पुन्हा ठक. मग पुन्हा. पण या खेपेला ती काठी थांबेना. ठक, ठक, ठक, एकसारखी, घड्याळासारखी. रागाची काठी अशी पडत नाही, राग दमतो. डॉक्टरांनी पळता पळता वर बघितलं आणि त्यांची बोटं आपोआप त्या काठीच्या चालीने पडायला लागली. मास्तरांनीही पाऊल उचललं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "बंद करू नका!" आणि दादा, ते दोघे एकत्र आले. मी त्या बाकावर त्यांना वर्षानुवर्षं पाहतो आहे, पण एकाच गाण्यात, एकाच वेळी, एकाच जागी ते कधी सापडले नव्हते. सोलो आला, डॉक्टर लगेच उधळले, तर वरून दोन ठोके आले, इतके कडक की धूळ त्यांच्या टकलावर पडली. ते निमूट जागेवर आले. गाणं संपलं. शेवटचा ठोका त्याच्या बरोबर पडला, मागे नाही, पुढे नाही.

मग जिन्यावर काठी वाजू लागली. आई आल्यापासून एकदाही दुकानात उतरल्या नव्हत्या. त्या उतरल्या, मागे तुमची बहीण, पांढरीफटक पडलेली. तिला वाटलं होतं की आता आई माझ्या डोक्यात काठी घालणार. (तिने अडवलं नाही, हेही मी लक्षात ठेवलं आहे.) आईंनी दुकानभर नजर फिरवली आणि मास्तरांकडे काठी केली.

"तुम्ही. डावीकडचे. ओळ संपली की थांबता का? पुढची ओळ आहे."

"हो बाई," मास्तर म्हणाले. ते स्वतः शिक्षक आहेत, पण तोंडातून 'बाई' असंच निघालं.

"आणि तुम्ही. वेग कोणाला दाखवताय? आधी चुका जाऊ देत, मग वेग येतो."

"पण आम्हाला चुका हव्या आहेत," डॉक्टर चाचरत म्हणाले. "लाइव्ह अल्बममध्ये—"

"कशाला हव्यात? चुका न मागता होतात. परत."

हा 'परत' तुम्ही लहानपणी क्लासच्या मागच्या बाकावर बसून ऐकलेला असणार, आणि मुलांच्या बोटांना वळण लावणारा तो ठकठक ठेकाही. तुमची बहीण सांगते की तिच्या अंगावर अजून त्याने काटा येतो. पण त्या दिवशी काटा आला तो निराळा. किती दिवसांनी आई एका दमात इतकी वाक्यं बोलल्या होत्या! तुमची बहीण तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली. मला आधी वाटलं, हसतेय. जवळ गेलो तर दोन्ही चाललं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाल्या, "तिकडे काय चाललंय? इकडे परत म्हटलंय ना." आणि ते दोघे परत वाजवायला लागले.

इथे पत्र संपलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की जावयाचं भलं झालं. दादा, माझं काही भलं झालं नाही. त्या दिवसापासून या दुकानावरचा माझा ताबा गेला. आई रोज दुपारी खाली येतात आणि माझ्या खुर्चीत बसतात. डॉक्टरांची पेडलं, जी ते पायाने दाबून दाबून गिटारला कधी पाण्यातला तर कधी विहिरीतला आवाज देत असत, ती सगळी आईंनी "पायाखालची ही खेळणी आवरा" म्हणून खोक्यात भरायला लावली. व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर यावर दोघांनी एकदा तोंड उघडलं, तर "वर्गात बोलायचं नाही". वादळ दोन दिवसांनी तोंड पाडून परत आला. आईंनी त्याला वाजवायला सांगितलं, थोडा वेळ ऐकलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही उद्यापासून नुसते मोजा. तोंडाने." तर औषधाच्या दुकानातून सुटून हा इथे येतो आणि एक-दोन-तीन-चार मोजत बसतो. त्याला बरंच वाटतंय असं दिसतं. बाकावर आता गप्पाच होत नाहीत. आणि खरं सांगू, त्या गप्पांचा मी एवढा त्रास करून घेतला, पण आता दिवस जाता जात नाही. त्या तुटक्या तारेच्या तबकडीबद्दल कोणाशी बोलू? आईंना विचारून पाहिलं. म्हणाल्या, तार बदलून यायला हवी होती.

आणि सर्वांत वाईट तर तुम्हाला सांगायचंच आहे. शनिवारचं ध्वनिमुद्रण आम्ही सगळ्यांनी बसून ऐकलं. तुळईवरच्या माईकमध्ये काठी इतकी सुरेख आलीय की मास्तरांनी मान्य केलं, असा ठेका त्यांनी कुठल्या तबकडीत ऐकला नाही. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे एक घूंऽऽ असा आवाज आहे. सगळ्यांनी सौजन्याने न ऐकल्यासारखं केलं. आईच म्हणाल्या, "तो मागे कोण गुणगुणतोय? त्याला बाहेर काढा." तो मास्तरांचा अँप होता. मीच दुरुस्त केलेला. म्हणजे तो अल्बम वाया गेला, तो ना काठीने, ना चुकांनी, तर ध्वनिमुद्रण या शब्दापुढे ज्याचं नाव यायचं होतं त्याच्यामुळे. डॉक्टर माझी समजूत घालायला म्हणाले की हीच ती चूक, हेच ते जिवंतपण. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

घरात म्हणाल तर तुमची बहीण आता बोलते. पण माझ्याशी नव्हे, आईंशी. सकाळपासून वर दोघींचं हसणं-खिदळणं चालू असतं, आणि मी वर गेलो की दोघी एकदम गप्प होतात आणि माझ्याकडे बघून पुन्हा हसतात. मला दुकानात खुर्ची नाही, बाकावर जागा नाही, घरात मान नाही, आणि कमरेत दम नाही. तेव्हा दादा, माझी कळकळीची विनंती आहे की रविवारी ठरल्याप्रमाणे अवश्य या, आणि आईंना न्या. त्यांना तुमच्याकडे निवांतपणा मिळेल, आणि मला माझं दुकान. वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा

ता. क. — पाकीट चिकटवण्यापूर्वी आईंना एकदा विचारावं असं वाटलं. तुम्ही न्यायला येताय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, दादांकडे बरं पडेल, तिथे अगदी शांत असतं. त्या बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "शांतच असतं. सगळे फार जपतात मला तिथे. तीच शांतता वर्षभर ऐकली मी." आणि उठून खाली गेल्या, कारण तीन वाजले होते. तेव्हा वरचा शेवटचा परिच्छेद तुम्ही वाचला नाही असं समजा. मीही तो लिहिला नाही असं समजतो. यात तुमची काही चूक आहे असं त्यांना म्हणायचं नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो.

ता. ता. क. — पण रविवारी या मात्र. सगळे या. अल्बम पुन्हा करायचा ठरलाय, अँप मी तिसऱ्यांदा उघडला आहे, आणि आता अडचण अशी की लाइव्ह अल्बमला ऐकायला माणसं लागतात. आमच्याकडे श्रोते म्हणून फक्त तुमची बहीण आहे. चारला सुरू होईल. उशीर करू नका, आई दार लावून घेतात. टाळ्या गाणं पूर्ण संपल्यावरच वाजवायच्या, आधी वाजल्या तर सगळं 'परत'.

ता. ता. ता. क. — हे तुमच्या बहिणीला दाखवू नका. काल टाळ्यांचीही तालीम झाली. माझी टाळी मागे पडते असं ठरलं, आणि रविवारी मी हात खिशात ठेवायचे आहेत. तेव्हा दादा, तुम्हाला जमेल तर, माझ्या वाटणीच्याही तुम्हीच वाजवा. जरा जोरात. पहिल्या रांगेत, डावीकडे, आई बसतात तिथवर ऐकू जाईल असं.